पाहुण्यांनी उभं राहावं

आमचे विभागप्रमुख पाळक झेफानिया चाउला निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या सभेत सोळा जण बोलले आणि सोळाही जणांनी त्यांना मेंढपाळ म्हटलं. मी मागे बसून चरफडत होतो. मेंढरांमागे धावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी त्यांना पाहिलं ते चर्चमधला बाक उलटा करून, तोंडात चार खिळे धरून, बाकाच्या पायाला पाचर ठोकताना. सभेत मला बोलायला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी मी बोललो नसतो, कारण मला जे सांगायचं आहे त्यात माझीच फजिती आहे. पण आता माझेही केस पिकलेत. फजिती सांगायला या वयात काही वाटत नाही.

चाउला मूळचे सुतार. त्यांचे वडील शवपेट्या आणि बाक बनवायचे; गावात कुणी मेलं नाही तर बाक, आणि कुणी मेलं तर पेटी. तिशीपर्यंत यांनीही तेच केलं. एका चर्चला बाक पोचवायला गेले, तिथल्या पाळकाशी बोलत बसले आणि पुढल्या वर्षी बायबल शाळेत दाखल झाले. विभागप्रमुख कसे झाले त्याची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. दोन तालेवार पाळक उमेदवार होते, दोघेही माघार घेईनात, मतं तीनदा सारखी पडली. शेवटी कंटाळून कुणीतरी म्हणालं, त्या सुताराला करा, निदान बाक तरी दुरुस्त होतील. असा हा माणूस अठरा मंडळ्यांचा, म्हणजे अठरा गावांतल्या चर्चचा, प्रमुख झाला.

अठरा मंडळ्या दोन डोंगररांगांवर पसरलेल्या. मुख्य कार्यालयाने त्यांना जीप दिली होती, पण ती बहुतेक वेळ गॅरेजातच असायची. मग हे बोडाबोडावाल्याच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसून यायचे. एका हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत झगा, दुसऱ्या पिशवीत हातोडी, खिळे, पॉलिशपेपर आणि स्वतःचा पत्र्याचा मग. झगा ते दोनदा विसरले होते. हातोडी कधी विसरल्याचं कुणी सांगत नाही.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. लुकिंडेच्या मंडळीत सुवार्तिक म्हणून येऊन मला तीन वर्षं झाली होती. आमच्याकडे लहान मंडळीला पाळक मिळत नाही. सुवार्तिकच उपदेश करतो, मुलांना शिकवतो, मयताला जातो, आणि पाळक महिन्यातून एकदा प्रभुभोजनाच्या विधीपुरता येतो. मी बायबल शाळेत पहिला आलो होतो आणि ती गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हतो. रविवारी दहाला घंटा वाजवायची, झगा नीट करायचा आणि वाट बघायची. वीसेक माणसं यायची. उरलेल्या गावाला देवाची ओढ नाही असं मी बायकोला सांगायचो. माझी बायको तुलिनावे तेव्हा नुसते वाटाणे सोलत राहायची.

आणि मग कार्यालयाचं पत्र आलं. ज्या मंडळीच्या यादीत तीसपेक्षा कमी घरं आहेत ती खालच्या मोठ्या मंडळीत विलीन होणार. सुवार्तिकाची बदली होणार. रिकामी इमारत बटाटे साठवायला गावाला देणार, कारण गावाने ती आधीच मागून ठेवली होती. ठरवण्याआधी विभागप्रमुख स्वतः एका रविवारी येऊन पाहून जातील.

हे पत्र मी मंडळीतले सर्वांत थोरले वडीलधारे, येरेमिया फुंगो, यांना वाचून दाखवलं. फुंगो आजोबांनी ऐन तारुण्यात नदीतून डोक्यावर दगड वाहून हे चर्च उभारलं होतं, आणि तेव्हापासून दर रविवारी सूचना तेच वाचायचे.

"खाली म्हणजे कुठं?" त्यांनी विचारलं.

"खालच्या मंडळीत, आजोबा. दोन तास उतार."

"उतार जाताना. येताना?"

"चढ."

"मी नाही जायचा," ते म्हणाले. "मला खाली न्यायचं तर चार जणांनी खांद्यावर न्या. तोवर मी इथंच बसणार. बटाट्यांबरोबर बसीन."

ते हसत म्हणाले, पण पत्र परत देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी नेहमी जे करायचो तेच केलं. स्वतःची हुशारी वापरली.

दरीपलीकडे म्सेवे नावाचं गाव आहे. तिथली मंडळी दणकट, गायकवृंद विभागात नावाजलेला. तिथला सुवार्तिक स्वालो माझ्या वर्गातला. मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, मला एका रविवारपुरती पन्नास माणसं उसनी दे.

"माणसं म्हणजे काय फावडं आहे का रे?" स्वालो म्हणाला. पण मित्र पडला. "मी सांगणार नाही कुणाला. तूच जा घरोघर. ज्याला यायचंय तो येईल."

मग मी तीन दिवस म्सेवेत घरोघर फिरलो. प्रत्येकाला नावानं हाक मारली, ओट्यावर बसलो, कुणाच्या गाईची चौकशी केली, कुणाच्या सुनेची. येमिमा न्गाजिलो नावाची एक जाडजूड बाई गायकवृंदाची म्होरकी होती. तिच्याकडे दोनदा गेलो, दोनदा पेज प्यालो, तेव्हा ती तयार झाली. सगळ्यांना बजावलं, गायकवृंदाचे जांभळे कपडे घरी ठेवा, म्सेवेचं नाव काढू नका, आणि विचारलं तर लुकिंडेचे म्हणून सांगा. सगळे हो म्हणाले. हो म्हणण्यात माझे लोक फार उदार आहेत.

फुंगो आजोबांनाही समजावलं. "सूचना वाचताना पाहुण्यांचा भाग गाळा. सरळ पुढल्या आठवड्याच्या सूचनांवर जा."

"गाळतो," ते म्हणाले. "मी काय बावळट आहे?"

आता हा पाहुण्यांचा भाग सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या प्रत्येक मंडळीत उपदेश झाला की सूचना वाचणारा विचारतो, आज आपल्यात कुणी पाहुणे आहेत का, पाहुण्यांनी उभं राहावं. पाहुणा उभा राहतो, नाव सांगतो, आपल्या मंडळीचा सलाम पोचवतो, सगळे तीन टाळ्या वाजवतात. हे लहानपणापासून चालत आलेलं. परक्या चर्चमध्ये हाक आली आणि तुम्ही बसून राहिलात, तर तुम्ही घरच्या मंडळीला नाकारलंत असं धरतात. भर बाजारात स्वतःच्या आईला ओळख न देण्यासारखं ते आहे.

तो रविवार उजाडला. धुकं होतं, पण म्सेवेची माणसं आली. त्रेपन्न. डोंगर चढून, शेंबडी पोरं पाठीला बांधून आली. बाक भरले. चाउला बोडाबोडावरून उतरले, झग्याची पिशवी माझ्या हातात दिली, दारात क्षणभर थांबले आणि आत जाऊन सगळ्यांत मागच्या बाकावर बसले. मी त्यांना पुढे खुर्ची ठेवली होती. त्यांनी हातानं नको म्हटलं. गाणं असं झालं की छपराचे पत्रे हलले. मी उपदेशही झकास केला. उपदेश करताना मला खरोखर वाटू लागलं होतं की ही माझीच मंडळी आहे.

मग फुंगो आजोबा उठले. चष्मा लावला. मयताची सूचना वाचली, प्रार्थनासभेची वाचली. माझा श्वास मोकळा होऊ लागला. आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं आजोबांचं तोंड आपोआप पुढे गेलं.

"आज आपल्यात कुणी पाहुणे आहेत का? पाहुण्यांनी उभं राहावं."

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण तोवर येमिमा उभी राहिली होती. तिचेही पाय सवयीचे. उभी राहिल्यावर तिलाही आठवलं, पण आता बसणं म्हणजे घरच्या मंडळीला नाकारणं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, माफी मागितल्यासारखं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी येमिमा न्गाजिलो. म्सेवे मंडळीकडून तुम्हां सर्वांना सलाम."

तीन टाळ्या. पातळ टाळ्या, कारण वाजवणारे कमी. येमिमा उभी राहिली म्हटल्यावर तिच्या शेजारची बसून कशी राहणार? ती उठली. मग तिचा नवरा. मग पूर्ण रांग. बाक करकरत होते आणि माणसं उठत होती. त्रेपन्न माणसं उभी, प्रत्येकानं नाव सांगितलं, प्रत्येकानं म्सेवेचा सलाम पोचवला, आणि प्रत्येकाला फुंगो आजोबांनी नियमाप्रमाणे म्हटलं, "आपलं स्वागत आहे." बिचाऱ्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. माझी स्वतःची एकोणीस माणसं त्या उभ्या गर्दीत बुडाली होती, नुसत्या टाळ्या ऐकू येत होत्या. सगळ्यांत शेवटी मागच्या बाकावरून चाउला उठले.

"मी झेफानिया चाउला. विभागाकडून सलाम." ते थांबले, माझ्याकडे पाहिलं. "आणखी कुणी पाहुणा राहिलाय का?"

खरं सांगतो, मलाही उभं राहावंसं वाटलं.

जेवणं झाली. तुलिनावेनं त्रेपन्न माणसांसाठी बटाटे-वाटाणे शिजवले होते ते कसे वाया घालवणार? पाहुणे जेवले, हसले, फुंगो आजोबांच्या पाठीवर थाप मारून गेले. ते गेल्यावर चाउलांनी मला चर्चमध्ये बोलावलं. ते मागचा बाक उलटा करून, तोंडात खिळा धरून, त्याच्या पायाला पाचर ठोकत बसले होते.

"मला बाकावर बसताच कळलं होतं," ते म्हणाले. "हात फिरव इथं. पुढचे चार बाक बघ, माणसांनी बसून बसून गुळगुळीत केलेत. मागचे खरखरीत. यांच्यावर कुणी बसतच नाही. बाकाला खोटं बोलता येत नाही, ओबेदी."

मी मान खाली घातली. बदली पक्की, असं मी धरलं होतं. बदली तर बदली, पण आता माझ्याआधी सगळीकडे जी कथा पोचणार होती ती बायबल शाळेत पहिला आल्याची नसणार होती.

"एक सांग," ते म्हणाले. "त्रेपन्न माणसं कशी आणलीस?"

"म्सेवेत तीन दिवस फिरलो. घरोघर."

"नावं माहीत होती?"

"विचारून घेतली."

"बसलास त्यांच्याकडे? खाल्लंस, प्यालास?"

"पेज. खूप पेज."

"आणि इथं लुकिंडेत किती घरी गेलास? तीन वर्षांत?"

मी म्हणालो, "मी घंटा वाजवतो."

"घंटा मी ऐकली. चांगली आहे." त्यांनी खिळा तोंडातून काढला. "हे बघ, परगावची माणसं तू धुक्यात डोंगर चढवून आणलीस. म्हणजे तुला माणसं आणता येतात. मला हे आज कळलं, आणि तुलाही कळलं. आता 'मला येत नाही' असं म्हणायची सोय राहिली नाही तुला."

"मग शिक्षा?"

"आहे ना. मी पुढल्या रविवारपर्यंत इथंच राहतो. झोपायला तुझ्याकडे. जेवायला मात्र रोज दुसऱ्याकडे, दुपारी एका घरी, संध्याकाळी दुसऱ्या. तू बरोबर. बोलायचं नाही, ऐकायचं."

दारात तुलिनावे भांडी घेऊन उभी होती. "बोलायचं नाही?" ती म्हणाली. "पाळकबाबा, ही शिक्षा फार कडक आहे हो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तुमाइनीच्या आईकडे गेलो. गावात तिची बटाट्याची शेती सगळ्यांत मोठी, तोंडही तेवढंच मोठं. नवरा म्बेया शहरात दुकान चालवतो, सहा महिन्यांतून एकदा येतो. चाउलांनी स्वतःचा मग पुढे केला आणि चहा मागितला.

"चर्चला का येत नाही, असं विचारायला आलात ना?" ती म्हणाली.

"नाही. चहा प्यायला आलो. पण सांगायचं असेल तर सांगा."

"सांगते की. बटाट्याचा ट्रक रविवारी साडेनऊला येतो. अकरापर्यंत गोणी भरायच्या, नाहीतर तो निघून जातो. आणि या साहेबांची घंटा दहाला. तुमच्या देवाला ट्रकचा टाइम कुणी सांगितला नाही का?"

चाउलांनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला बंदी होती, तरी बोललो. "दहाची वेळ कार्यालयानं ठरवलीये. आपल्याला बदलता येत नाही."

"कार्यालयात मीच बसतो," चाउला म्हणाले. "आणि दहाची वेळ कुणी ठरवली ते मलाही माहीत नाही. कुणातरी गोऱ्या पाळकाचा नाश्ता उशिरा व्हायचा बहुतेक." मग तिला विचारलं, "सातला जमेल?"

"सातला थंडी असते."

"थंडी मी नाही हटवू शकत. ती माझ्या वरच्याच्या हातात आहे."

ती हसली, आणि तिच्याबरोबर तिच्या दोन सुनाही. जाताना चाउला आपला पत्र्याचा मग तिथंच विसरले. निदान मला तसं वाटलं. नंतर कळलं, ते प्रत्येक गावात एका घरी काहीतरी विसरून येतात, म्हणजे परत जायला कारण राहतं.

दिवसाला दोन घरं असे आम्ही फिरलो. मी इतकं ऐकलं की कान दुखले. एकीला तीन वर्षांपूर्वी माझ्याच उपदेशात टोमणा लागला होता, मला आठवतही नव्हतं. मोटारसायकलवाली पोरं म्हणाली, आम्ही दारात उभे राहिलो की तुम्ही आमच्या बुटांकडे बघता. बघायचो मी, खरं आहे. चाउलांनी त्यांना दुसरंच काम दिलं. रविवारी सकाळी म्हाताऱ्यांना मोटारसायकलवर चर्चपर्यंत आणून सोडायचं. पोरांना आणलेल्या म्हाताऱ्याला परत न्यायला थांबावं लागे, आणि बाहेर थंडी, म्हणून ती आत येऊन बसत.

चाउलांजवळ नवीन युक्ती कोणतीच नव्हती. म्हाताऱ्यांना आणायचं त्यांनी एका मंडळीत पाहिलं होतं, वेळ बदलायचं दुसऱ्या. "अठरा मंडळ्यांचा प्रमुख कशाला लागतो?" ते चालताना म्हणायचे. "एकीनं शोधलेलं दुसरीला सांगायला. नाहीतर प्रत्येक जण आपली आपली चूक पहिल्यापासून करतो." म्सेवेही नऊ वर्षांपूर्वी असंच रिकामं होतं, हे मला त्यांनीच सांगितलं. स्वालोनं कधी सांगितलं नव्हतं. लबाड आहे तो.

शनिवारी संध्याकाळी आम्ही महेंगेकडे गेलो. बुटका, काटक म्हातारा, घराभोवती बांबूचं बन, त्या बांबूच्या रसाची उलांझी नावाची दारू तो गाळायचा आणि प्यायचाही. मी त्याला दारुडा म्हणून सोडून दिला होता. त्याची बायको मयताला असं गायची की रडणाऱ्यांना रडायची लाज वाटावी, पण चर्चमध्ये ती दोघं दारातूनच परत फिरत.

"आम्ही आत येऊन काय करू?" महेंगे म्हणाला. "प्रभुभोजन आम्हांला चालत नाही. आमचं लग्न चर्चमध्ये नाही झालं."

"किती वर्षं झाली एकत्र राहून?"

"नातवाचं लग्न ठरलंय," म्हातारीनं उत्तर दिलं.

"मग तुम्ही आधी उरकून का घेत नाही?"

महेंगे खाली बघू लागला. "चर्चचं लग्न म्हणजे सूट लागतो. बोकड लागतो. माणसं म्हणतात, वरात काढ. या वयात मी वरात काढू? लोक हसतील."

चाउला माझ्याकडे वळून म्हणाले, "ओबेदी, अशी किती घरं आहेत गावात?" मला माहीत नव्हतं. म्हातारीला माहीत होतं. तिनं बोटांवर सात जोडपी मोजून दाखवली. चाउलांनी तिथंच ठरवलं. सातही जोडप्यांना एकाच रविवारी आशीर्वाद. सूट नाही, पांढरा पोशाख नाही, सगळ्यांनी एकाच छापाचं कापड नेसायचं. एक हंडा, त्यात सगळ्यांच्या घरचे वाटाणे. वरात काढायला बंदी.

"बंदी?" महेंगेनं विचारलं.

"विभागप्रमुखाची सक्त बंदी. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

म्हाताऱ्याच्या तोंडावर असा काही आनंद पसरला की मला लाज वाटली. चाळीसेक वर्षं हा माणूस एका वरातीमुळे दारातून परत फिरत होता, आणि आमच्यापैकी एकानंही त्याला वरात नको म्हणून सांगितलं नव्हतं. सांगायचा अधिकार कुणाला आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मग विभागाची बैठक झाली. तिथं काय झालं ते मला स्वालोकडून कळलं. चाउला उभे राहिले आणि म्हणाले, लुकिंडेच्या यादीत बावीस घरं आहेत आणि मी गेलो त्या दिवशी तिथं त्रेपन्न पाहुणे होते. सगळे हसले, कारण गोष्ट सगळ्यांना कळली होती. एक तालेवार पाळक म्हणाले, मग बंद करा. चाउला म्हणाले, मला सहा महिने द्या. सहा महिन्यांत नाही जमलं तर फुंगो आजोबांना खांद्यावर घेऊन खाली आणायला पहिला खांदा माझा. त्यांनी माझा खोटेपणा लपवला नाही, पण माझं नाव मात्र घेतलं नाही. मला ते फार लागलं. त्याच दिवशी मी तुलिनावेसमोर रडलो, आणि तिनं वाटाणे सोलायचं थांबवलं नाही, फक्त अर्धे माझ्यापुढे सरकवले.

सहा महिन्यांत मी बूट झिजवले. सातची घंटा धुक्यात वाजवायची, मग दाराशी उभं राहून प्रत्येकाला नावानं हाक मारायची. येमिमा महिन्यातून एकदा येऊन गाणं शिकवून जायची, या वेळी जांभळ्या कपड्यांत, उघड उघड.

सात जोडप्यांच्या लग्नाला चाउला आले. अर्धं गाव आत, अर्धं खिडकीशी. महेंगेची अंगठी बोटात जाईना. उभं आयुष्य बटाटे खणून त्याच्या बोटांचे सांधे लाकडाच्या गाठींसारखे झाले होते. म्हातारी म्हणाली, राहू दे, मला माहीत आहे तू कुणाचा आहेस. म्हातारा ऐकेना. शेवटी चाउलांनी झग्याच्या बाह्या वर सारल्या, तुलिनावेकडून भांड्यांचा साबण मागवला, महेंगेचं बोट चोळलं आणि अंगठी सांध्यापलीकडे ढकलली. आशीर्वादाचा हात साबणाचाच होता. बाहेर मोटारसायकलवाल्या पोरांनी हॉर्न वाजवत सातही जोडप्यांना गावातून फिरवलं. महेंगे मागे बसून ओरडत होता, बंदी आहे रे, बंदी आहे, आणि हात हलवत होता.

सहा महिने संपले. या वेळी चाउलांबरोबर मुख्य कार्यालयाचे सचिवही आले, सुटाबुटात, काखेत कागद. आदल्या दिवशी फुंगो आजोबा मला म्हणाले, "या वेळी काय गाळू?"

"काही नाही," मी म्हणालो. "सगळं वाचा."

सकाळी सातला मी वेदीजवळून पाहिलं. जागा नव्हती. मुलं पायरीवर, पोरं भिंतीला टेकून. मागच्या बाकावर तुमाइनीची आई आणि तिच्या दोन सुना, त्यांना चिकटून चाउला. यादीत एकसष्ट घरं होती. तरी मी पुन्हा पुन्हा माणसं मोजत होतो. ट्रकची वेळ, थंडी, कुणाचं तरी मयत, काहीही मध्ये येऊ शकलं असतं. पण आले होते सगळे.

फुंगो आजोबांनी चष्मा लावला, सूचना वाचल्या आणि कागद खाली ठेवला. "आज आपल्यात कुणी पाहुणे आहेत का? पाहुण्यांनी उभं राहावं."

मी श्वास रोखला. बाक करकरले नाहीत. फक्त सचिव उठले. त्यांनी नाव सांगितलं, कार्यालयाचा सलाम पोचवला आणि म्हणाले, "विलीनीकरणाचा कागद मी सहीसाठी आणला होता. तो परत नेतो. बटाट्यांसाठी गावानं दुसरी जागा बघावी." तीन टाळ्यांऐवजी किती वाजल्या ते सांगता येत नाही. आजोबांनी हात वर करून त्या थांबवल्या, कारण अजून एक जण उभा होता. सवयीनं चाउला उठले होते.

"मी झेफानिया चाउला," त्यांनी सुरुवात केली. "विभागाकडून..."

"खाली बसा," फुंगो आजोबा म्हणाले.

विभागप्रमुखाला असं कुणी बोलत नाही. सचिवांनी मान वर केली. आजोबांनी चष्मा काढून हातात धरला.

"मी पाहुण्यांना उभं राहायला सांगितलं. तुमचा मग तुमाइनीच्या आईच्या चुलीवर आहे. गावातल्या बारा घरी तुम्ही जेवलायत. या महेंगेचं बोट तुम्ही साबणानं चोळलंत. तुम्ही पाहुणे कसे? बसा खाली."

चाउला उभेच राहिले. त्यांना काय करावं कळेना. असं मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. तुमाइनीच्या आईनं त्यांचा झगा धरला आणि ओढला.

"बसा हो पाळकबाबा," ती म्हणाली. "ट्रक येईल."

ते बसले. बाक जरासुद्धा हलला नाही, कारण त्याच्या पायाला त्यांनीच पाचर मारली होती.